एकोणीस खांब

(मिरज तालुक्यातला एक मळा, १९७४चा चैत्र. मळ्यातल्या खोलीत राजमती फोन कानाला लावून बसली आहे. टेलिफोन खात्याचा लाइनमन नाथाजी मळ्यापासून घराकडे खांब खांब करत निघाला आहे. खांबावर चढायचं, हातातला टेस्टफोन तारेला लावायचा आणि तिच्याशी बोलायचं, असं त्याचं काम.)

खांब एकोणिसावा

नाथाजी : …त्येच म्हंतोय मावशी. सातारला बोलता येतंय आन् घरात बोलता येत न्हाई, ह्ये उलटंच की.

राजमती : उलटं असंल तर उलटं. खटका वर केला की एक्स्चेंज. पोरगी लगेच नंबर विचारते. खटका खाली केला की घर. खाली करून दांडी फिरवते, फिरवते, हात दुखतो. कुणी उचलत न्हाई. आज बावीस दिवस झाले.

नाथाजी : घर एक मैलावर. कुणाला तरी धाडायचं हुतं.

राजमती : धुळा येतो रोज दूध घेऊन. घरी समदं बरं हाय म्हणतो. गड्याच्या तोंडून घरचं विचारायची सवय न्हाई मला.

नाथाजी : आन् सोताच गेला असता तर?

राजमती : गुडघ्याला विचारा.

नाथाजी : बरं. घरच्या बोलण्याची तार येगळी असती; तिची घराकडची बाजू मी सोडलीय, तुमची तेवढी धरलीय. फिरवा दांडी. …ओके. हितवर धड हाय.

राजमती : नाथाजी, एक आधीच सांगते. चार वाजता साताऱ्याहून आक्काचा ट्रंककॉल यायचाय. माझी थोरली बहीण. तिला उत्तर द्यायचंय. तार तुटलेली निघाली तर मी हितंच राहणार. तार धड निघाली तर माणसांनीच माझा फोन उचलायचा सोडला असं समजणार. मग उद्या सकाळी तिची गाडी येती, आन् मी कायमची सातारला. ट्रंक भरून ठेवलीय.

नाथाजी : म्हंजी तार तुटलेली निघावी म्हणून मी देव पाण्यात घालू?

राजमती : तुमी खांबावर चढा.

खांब चौदावा

नाथाजी : धड हाय, मावशी.

राजमती : बरं.

नाथाजी : अजून लय खांब राहिल्यात. दोष हमेशा शेवटाला सापडतो. एकाहत्तरच्या लढाईत मी फौजेत सिग्नलला हुतो. एका रात्री फुडची चौकी बोलंना. साहेब म्हणाला, नाथाजी, तार बघ. तार हातात धरून दोन मैल पोटावर सरकत गेलो. कुठंच तुटली नव्हती. चौकीत पोचलो तर आपला गडी रिसीव्हर उशाला घेऊन घोरतोय.

राजमती : त्यो एक रात्र झोपला. माझ्या घरात बावीस दिवस कोण झोपलंय?

नाथाजी : तसं न्हवं, मी आपलं बोलायचं म्हणून बोललो.

राजमती : बोला की. बावीस दिवसांत आक्का आन् धुळा सोडला तर तुमीच.

खांब नववा

नाथाजी : हितं बी धड. आवाज तर अगदी कानाशी बसून बोलल्यागत येतोय. मावशी, राग नसंल तर विचारतो. घर सोडून मळ्यात कशापायी?

राजमती : भांडून न्हाई आले. दिवस मावळल्यावर मी तोंडात पाणीसुद्धा घेत न्हाई, आमचा जैनांचा नेम, वीस वर्षं झाली. पोरगा माझा, धन्यकुमार, पेढीवरनं येतो नऊला. हळदीचं सौदं, अडते, पाव्हणे. तवा चूल पेटायची. मी आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज ऐकत पडायची. ते ताटावर बसले की सून दार ओढून घ्यायची, मला वास येऊ नये म्हणून. एक दिवस म्हटलं, दार तिनं का ओढायचं, मीच जाते.

नाथाजी : आन् शेटनी फोन घेतला.

राजमती : अर्ज करून दोन वर्षं थांबला. तुमच्या सायबाच्या कचेरीत किती खेटे घातले. मैलभर एक्स्टेन्शन कशाला, म्हणाले त्याला. त्यानं सांगितलं, आई हाय तिकडं. एकोणीस खांब त्यानंच उभे करून घेतले, नाथाजी. म्हणून तर मला समजंना.

नाथाजी : शेवटचं बोलणं काय झालं हुतं?

राजमती : काय न्हाई. खोकला कमी हाय का त्यानं विचारलं. मी हाय म्हटलं.

खांब चौथा

नाथाजी : मावशी, घावलं. बाभळीची फांदी टेकलीय तारेवर. ह्योच दोष असणार.

राजमती : फांदी टेकली की काय होतं?

नाथाजी : खरखर होती.

राजमती : घंटा बंद पडती?

नाथाजी : …पडत न्हाई तशी.

राजमती : आन् मला खरखर कवा आली न्हाई.

नाथाजी : मावशी, मी रिपोर्टात फांदी लिहितो. लिहिलं की झालं. शेट वाचतील, तुमी सातारला फोन करा, फांदी हुती म्हणून सांगा. कुणाचं काय बिघडतंय?

राजमती : फांदीच्या जिवावर हितं राहू व्हय मी? फांदी तोडा आन् फुडं जा.

घराचा सोपा

नाथाजी : मावशी, आता घरातनं बोलतोय. आत्ता तुमच्याकडं घंटा वाजली का?

राजमती : वाजली. केवढ्यांदा वाजली. हातातली वाटी सांडली माझ्या.

नाथाजी : मीच दांडी फिरवली. म्हंजी हिकडनं तिकडं समदं चोख हाय. आता तुमी फिरवा.

राजमती : फिरवली.

नाथाजी : परत.

राजमती : फिरवते की मघापासनं. काय झालं?

नाथाजी : हितं दोन घंटा हैत. एक्स्चेंजची फोनातच, आतल्या खोलीत. मळ्याची घंटा वेगळी, हितं सोप्यातल्या तुळईखाली, लाकडी पेटीत. तुमी फिरवलं की घंटा वाजवणारा टोला थरथरतोय. पर घंटेच्या वाटीवर पडंना. थांबा. …वैनी, ह्यो दोरा कुणी बांधला?

चंद्राबाई : तोडू नका. दादा, हात लावू नका त्याला.

राजमती : कोण ते? चंद्रा?

नाथाजी : घ्या वैनी, तुमीच बोला. मी सांगून उपेग न्हाई.

चंद्राबाई : आत्याबाई, मी.

राजमती : बोल.

चंद्राबाई : चिमणीनं घरटं केलंय पेटीत. वाट्यांच्या मागं. मला ठावं नव्हतं. त्या दिवशी तुमची घंटा वाजली, चिमणी बिथरून बाहेर आली, भिंतीवर आपटली. एक अंडं खाली पडून फुटलं. मी तसाच सुताचा दोरा घेतला आन् टोला बांधला. जीव जाईल म्हणून.

राजमती : बरं केलंस.

चंद्राबाई : ह्यांना त्याच रात्री सांगितलं, आईंना कळवा. ते म्हणाले, आता झोपली असंल, उद्या सांगतो. मग सौदं सुरू झालं. सकाळी साताला जातात ते. मी परत विचारलं तर म्हणाले, धुळ्याबरोबर निरोप दिलाय. धुळ्याला विचारलं तर तो म्हणतो, मला कुणी काय सांगितलं न्हाई.

राजमती : आन् तू? फोन तर तुझ्याच घरात हाय.

चंद्राबाई : तुमीच म्हणाला होता.

राजमती : काय म्हणाले होते?

चंद्राबाई : फोन बसवला त्या दिवशी. आरती झाली, पेढे वाटले, आन् सगळ्यांच्या देखत तुमी मला म्हणाला, सुनेनं घंटा देऊन सासूला उठवायचं न्हाई. मला लागंल तवा मी करीन.

राजमती : …म्हणाले होते.

चंद्राबाई : मला वाटलं, तुमी तिकडं रमलाय. मग वाटलं, रुसलाय. रोज दुपारी भांडी झाली की फोनाजवळ बसायची मी. दांडीवर हात ठेवायची आन् उठायची.

राजमती : पिल्लं झाली?

चंद्राबाई : तीन हैत. पंख फुटल्यात. आठ दिवसांत उडतील.

राजमती : मग दोरा राहू दे. कुणालाबी तोडू देऊ नको. धन्यकुमारलासुद्धा.

चंद्राबाई : व्हय.

राजमती : चंद्रा.

चंद्राबाई : जी.

राजमती : तू टोला बांधलास, त्यात तुझी चूक न्हाई. मी बोलले ती चूक माझी. पर माझ्या खोलीतली घंटा कुणी बांधली नव्हती. धन्यकुमारला कुणी काय मना केलं नव्हतं. बावीस दिवस.

नाथाजी : मावशी, मी नाथाजी. वैनी रिसीव्हर माझ्या हातात देऊन आत गेल्या.

राजमती : रडायला?

नाथाजी : दूध उतू चाललंय म्हणाल्या.

राजमती : तुमी काय ते खरं सांगा. तार तुटकी का धड?

नाथाजी : मावशी, आता हितनं कसं सांगू?

राजमती : लाइनमन हाय ना तुमी?

नाथाजी : …धड हाय. एकोणीसच्या एकोणीस खांब. मी शेटना पेढीवर जाऊन सांगतो सगळं. पेढी वाटंवरच हाय माझ्या.

राजमती : तुमचं काम तारेचं. ते झालं. जेवून जावा, चंद्रा चांगलं वाढते.

ट्रंककॉल, सातारा

आक्काताई : हॅलो. हॅलो, राजू? ऐकू येतंय का? लवकर बोल, तीनच मिनिटं आहेत.

राजमती : ऐकू येतंय, आक्का. एवढं वरडू नको.

आक्काताई : आला का तो माणूस? काय म्हणाला?

राजमती : समदे खांब चढला बिचारा. तार धड हाय.

आक्काताई : मी म्हटलं नव्हतं? पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. आता रडत बसू नको. ड्रायव्हरला, मानसिंगला सांगते, उद्या सकाळी सहाला गाडी काढेल. खोली झाडून ठेवलीये तुझी. पलीकडंच आपली जैन बस्ती आहे, देवदर्शन होईल रोज. दिवसाउजेडी जेवू दोघी.

राजमती : उद्या गाडी नको धाडू.

आक्काताई : म्हणजे? तूच ठरवलं होतंस ना, धड असली तर येते म्हणून?

राजमती : घंटेत चिमणीनं घर केलंय, आक्का. सुनेनं टोला बांधून ठेवलाय. तीन पिल्लं हैत. आठ दिवस मी हितनं दांडी फिरवायची न्हाई, फिरवली तरी वाजायची न्हाई.

आक्काताई : मग तर ये म्हणते मी. आठ दिवस मुक्यानं तिथं बसून काय करणार? चिमणीचं कौतुक आहे सगळ्यांना, तुझं कुणाला आहे का?

राजमती : तेच बघायचंय.

आक्काताई : काय बघायचंय? मोठ्यानं बोल.

राजमती : माझ्याकडची घंटा चालू हाय. धन्यकुमार घरी आला की सून त्याला समदं सांगंल. लाइनमन पेढीवर जाऊन सांगंल, नको म्हटलं तरी. बावीस दिवस मी म्हणत होते, तार तुटली असंल. ते म्हणत असतील, आई रुसली असंल. आता दोघांनाबी ते म्हणता यायचं न्हाई.

आक्काताई : आणि आठ दिवसांत नाहीच वाजली तर?

राजमती : तर गाडी धाड.

आक्काताई : राजू, अगं, कशाला जिवाला लावून घेतेस? आत्ताच ये की. निदान त्यानं घंटा दिली की नाही, ते कळणार तरी नाही.

राजमती : त्याचसाठी राहते, आक्का. न कळता गेले तर तिथं तुझ्या घरातबी मी फोनाकडंच बघत बसीन.