फुलदाणीचं बूड

मुखेडहून नांदेडला निघालेल्या एसटीत हुस्नाबीच्या पुढच्या सीटवर शेषेराव आणि त्यांचा मेव्हणा बजरंग टेकले. शेषेरावांच्या मांडीवर शालीत गुंडाळलेली चिनी मातीची फुलदाणी होती. हुस्नाबीनं कान टवकारले.

"दाजी, खरंच लई जुनी हाय का ही?"

"नांदेडच्या जाणकाराला फोन लावला होता. बुडाला निळा चिनी शिक्का असंल तर अस्सल, म्हणला."

"मग, हाय का शिक्का?"

"होता की. निळाशार."

"मग उगं कशाची काळजी करून राहिले?"

"शहरातली माणसं ती. तपासायला म्हणून आत नेतील अन् दुसरीच आणून हातात देतील. आपली कोणती, कसं वळखावं?"

"हे बी खरं हाय."

"म्हणून बाजारात भांड्यावर नाव घालणाऱ्याकडं नेली. हे बघ."

फुलदाणी उलटी झाली. हुस्नाबीनंही मान लांब केली. पांढऱ्याफेक बुडावर ठसठशीत कोरलं होतं: शेषेराव, मुखेड.

"अक्षर झकास आलंय. अन् शिक्का कुठाय, दाजी?"

"नावाच्या आड येत होता. घासून काढला."

"आता त्या जाणकाराला अस्सल-नकली कळंल का?"

"न कळायला काय झालं? नाव माझं हाय. नकली कसं असंल?"