खारीचा नर कुठाय?

खारीवरनं माझी कशी जिरली, ते ऐका. शिरूरला आमच्या घरी नर्सबाई कुटुंबनियोजन सांगाया आल्या. बायको चौथ्यांदा पोटुशी, मांडीवर तान्हं. मला चेष्टा सुचली.

“बाई, आधी आढ्यावरच्या त्या खारीला सांगा! माझ्या उशीचा कापूस नेऊन घरटं केलंय. वर्साला दोन-तीन बाळंतपणं, दर येळी दोन-तीन पिल्लं!”

दारात जमलेले शेजारी खो-खो हसले. बाई म्हणल्या, “आन् नर कुठाय?”

“त्यो कशाला थांबतोय? काम झालं की पसार!”

चुलीपासनं बायको बोलली, “बाई, त्यो परवडला. आमचं ह्ये घरात बसून भाकरी खात्यात, पर खारीचा वाटाबी उचलत न्हाईत.”

कुणीच हसंना. लाजून मी गुमान तान्हं उचललं, तर त्ये परक्यानं घेतल्यागत रडाया लागलं.