सकाळच्या दुधाला दुपारची पावती

आमच्या डेअरीच्या मॅनेजरसाहेबांचा माझ्यावर लई डाऊट. कॉम्प्युटर एकच, तो मी चालवायचो. त्यातला पत्त्यांचा गेम फक्त दुपारी एक ते दोन उघडंल, असं लॉक त्यांनी बसवून घेतलं. तरी येऊन मागं उभं राहायचे, "खेळतोस व्हय रं?"

एका सोमवारी न्हावऱ्याचे आबा दुधाची पावती नाचवत आले. "दूध सकाळी सातला घातलं, आन् हितं दुपारचा सव्वा वाजलाय!"

साहेब माझ्यावरच उखडले. "गेम उघडायला घड्याळ पुढं केलंस ना?"

मी तारखेवर बोट ठेवलं. "साहेब, ही कालची हाय. काल मी सुट्टीवर होतो. पावत्या तुम्हीच काढल्या."

आबांनी पावती शांतपणे खिशात घातली. "मग साहेब, डाव लागला का?"