खुरांची अक्षरं

सन बत्तीसची गोष्ट. मोरा बंदराच्या धक्क्यावर चांगदेव सुतार मुंबईच्या बोटीची वाट बघत होता. मागच्या भिंतीवर नाटकाची जाहिरात होती. ती छापायची जाडजूड लाकडी अक्षरं त्यानंच कोरलेली. आता पुन्हा कोरणार नाही, असं छापखान्याला सांगायला तो निघाला होता. शेजारी एक दीर-भावजय येऊन थांबले.

"भावजी, काय लिवलंय?"

"नाटक हाय. पन अक्षरं बघा वयनी, टोकाटोकाला खूर फुटलेत!"

"रेड्यावानी."

"नांगर करनाऱ्यानं कोरली असतील."

चांगदेवला राहवेना. "नांगरही वाकडाच करतो तो."

"वळखता त्याला?"

"रोज दाढी करतो त्याची."

"न्हावी का तुमी?"

"त्याच्यापुरता."

"मंग सांगा त्याला," भावजय म्हणाली, "मला वाचता येत न्हाय, पन ह्या खुरांपायीच मी थांबले."

"सांगतो."

बोट लागली, माणसं चढली, बोट सुटली. चांगदेव जाहिरातीसमोर उभाच होता.