ब्रीदरला उसाचं बूच

रेसिंगचं नाव माझ्यापुढं काढू नगा रं. आमच्या मेव्हण्याच्या डोक्यात निस्ता भुसा भरलाय. फलटणच्या रेसआधी त्याच्या फटफटीचं इंजिन ब्रीदरच्या, म्हंजी हवा सोडायच्या, नळीतनं ऑइल ओकाय लागलं.

मी म्हणलं, “गड्या, मोठी नळी घाल, उंच ने, टोकाला बाटली बांध. इंजिनाला हवा सोडाय वाट लागती.”

“दाजी, तुमी लय शिकवू नगा,” म्हणला, आन् उसाचं कांडं सोलून नळीत ठोकलं.

दुसऱ्याच फेरीत कोंडलेल्या हवेनं इंजिनाचं सील उडवलं. ऑइल मागच्या चाकावर, आन् ह्यो पठ्ठ्या चिखलात. मी पळत गेलो. तर सगळा ऑइलनं माखलेला, तरी नळीकडं बोट दाखवून म्हणतोय कसा,

“बघा दाजी, हितनं थेंबबी आला न्हाई!”