हयातीचा दाखला

आमच्या पळसुल्याने रिटायर झाल्यावर संन्यास घेतला. नोकरीत त्याने एकही काम मुदतीआधी केलं नव्हतं, पण स्वतःचं श्राद्ध मात्र जिवंतपणीच उरकलं आणि हरिद्वार गाठलं. पेन्शन जयपुरातच येत राहिली. जवाहर नगरातलं वहिनींचं घर तिच्यावरच चालायचं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, म्हणून मी पत्र लिहून त्याला बोलावलं. राजा पार्कच्या बँकेत फॉर्म समोर आला, तर हा पेन उचलेना.

"या नावाचा माणूस वारला," तो म्हणाला.

काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. "तो महाराज, डेथ सर्टिफिकेट दीजिए. माताजी को आधी पेन्शन मिलेगी."

मी म्हणालो, "पळसुले, अर्ध्या पेन्शनीत वहिनींचं भागायचं नाही. वर्षातून एक दिवस जिवंत हो. श्राद्ध पुन्हा घाल, खर्च माझा."

त्याने फॉर्म पुढे ओढला. मग त्याने जुनी सही केली, एकही वळण न चुकता, आणि आमच्याकडे न बघता स्टेशनकडे निघून गेला.

वहिनी इतका वेळ मागच्या बाकावर बसून होत्या. पायऱ्या उतरताना त्यांनी हळूच विचारलं,

"भावजी, हा दाखला सहा महिन्यांनी नाही का लागत?"