शेषरावांची पावलं

दुर्ग स्टेशनच्या बाकावर अन्नपूर्णा नवऱ्याची लोकरीची टोपी मांडीवर घेऊन बसली होती. नवरा, म्हणजे शेषराव, बाहेर हार घालून घेत होते. शेजारी चरोद्याच्या दोघी लोकलची वाट पाहत बसल्या होत्या. त्या काही तिला ओळखत नव्हत्या.

"इतके हार कोनाले वं, ठकूबाई?"

"प्लॉटवाल्या शेषरावले. कारखाना आला अन् त्याचं नशीब फळफळलं. प्लॉट इकता इकता आमदार झाला, आता रशियाले चालला!"

"तिथं काय करन?"

"दोस्तीची बोलनी, म्हन्तेत. अन् प्लॉट कसा मोजे, मालूम हाय? पायानं! किसानाकडून घेताना उंटावानी लांब ढांगा, म्हन्जे वावर कमी भरे. आमाले इकताना नव्या नवरीवानी इवली इवली पावलं!"

"मंग तुमचा प्लॉट?"

"त्यानं मोजला तवा साठ पावलं. माया घरच्यानं मोजला, तं चाळीस!"

"तरी मत त्यालेच देलं? कावून?"

"अवं, असा पक्का मानूस आपल्याकडून बोलाले पाहिजे का नाही?"

अन्नपूर्णेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

तेवढ्यात मुंबईची मेल आली. हारांत बुडालेले शेषराव डब्याकडे निघाले.

"पाह्य वं, पाह्य! त्याची पावलं पाह्य!"

"लांब ढांगा!"

"म्हन्जे घ्याले चालला! रशियावाल्यायचं आता काही खरं नाही!"

अन्नपूर्णा टोपी घेऊन उठली, पण हसू काही आवरेना.

"तुमी कावून हासता, बाई?"

"मले पाह्याले आले, तवा माया बापाच्या आंगनात असेच आले होते!"